गुहागरचा डेक: लाकूड कुठलं घेतलं, रंग कुठे दिला आणि कुठे दिलाच नाही

माझ्या आतेभावाचं गुहागर तालुक्यात घर आहे, समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर. घराच्या बाजूला त्याने तीन खोल्यांचं होमस्टे काढलंय आणि त्या खोल्यांसमोर २० बाय १२ फुटांचा लाकडी डेक होता. होता म्हणजे दोन पावसाळे होता. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर पाहुणे यायला लागले तेव्हा कडेच्या फळ्यांवर पाय दिला की दबायला लागलं, एका ठिकाणी स्क्रूचं डोकं वर आलेलं आणि फळी खाली गेलेली, आणि वरचं चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश पापुद्र्यासारखं सुटून हातात येत होतं. ज्या कॉन्ट्रॅक्टरने केला त्याचं म्हणणं एकच, "कोकणात लाकूड टिकत नाही हो." आता ज्या कोकणात दीडशे-दोनशे वर्षांची घरं ऐन-किंजळाच्या खांबांवर उभी आहेत तिथे हे वाक्य कोणी ऐकून घेईल का? दादाने घेतलं नाही. मला लाकूडकामाचा नाद आहे हे त्याला माहीत, म्हणून फोन आला.

जुना डेक आम्ही उकलूनच बघितला, कारण नवीन काय करायचं ते त्याच्यातच लिहिलेलं असतं. फळ्या पाइनच्या, म्हणजे पॅकिंगच्या खोक्यातून आणि पॅलेटमधून निघतं ते लाकूड. दोन-तीन फळ्यांच्या खालच्या बाजूला तो गव्हाच्या लोंबीसारख्या चिन्हाचा शिक्का आणि 'एचटी' अशी अक्षरं. कॉन्ट्रॅक्टरने दादाला सांगितलं होतं की हे "ट्रीटेड" आहे, बघा शिक्का पण आहे. शिक्का खरा आहे, फक्त त्याचा अर्थ वेगळा आहे. एचटी म्हणजे लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटं तापवलेला, एका देशातली कीड खोक्याबरोबर दुसऱ्या देशात जाऊ नये एवढ्यासाठी. आत होते ते किडे मेले, संपलं. त्यात कुठलंही औषध मुरवलेलं नसतं, त्यामुळे गुहागरला उतरल्यावर वाळवी, बुरशी, भुंगा सगळ्यांना ते लाकूड मोकळंच. बाहेर टिकणारं पाइन वेगळं, त्यात दाबाखाली तांब्याचं औषध खोलवर घुसवलेलं असतं आणि कापलं तर आत हिरवट दिसतं. अमेरिकेत घरांचे डेक बहुतेक त्याचेच असतात. तिथे पूर्वी तांबं-क्रोम-आर्सेनिकवालं औषध चालायचं, ते घरगुती वापरातून २००३ च्या अखेरीस बंद झालं आणि आता आर्सेनिक नसलेली तांब्याची मिश्रणं वापरतात. आपल्याकडे ते मिळतं पण ऑर्डर देऊन, कागद बघून. नाक्यावरच्या "पाइनवूड"च्या दुकानात जे उभं केलेलं असतं ते हे नव्हे.

पण सगळा दोष पाइनवर टाकून मोकळं व्हायचं नाही, कारण मधल्या काही फळ्या चक्क ठणठणीत होत्या. तेच लाकूड, तेच पॉलिश. सडल्या होत्या त्या तीन जागी: घराच्या पत्र्याच्या पागोळ्या जिथे पडतात ती पट्टी, दोन फळ्या टोकाला टोक लावून जोडलेल्या ते सांधे, आणि खालच्या तुळया जिथे जांभ्याच्या जोत्यावर सरळ टेकवल्या होत्या ती बूड. जांभा पाणी पितो आणि महिनोन्महिने धरून ठेवतो हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको, त्याच्यावर लाकूड थेट ठेवलं म्हणजे ते चार महिने भिजत घातल्यासारखंच. फळ्यांमध्ये फट पण नव्हती, "छान सलग दिसतं" म्हणून घट्ट बसवल्या होत्या, मग पावसात फुगल्या, एकमेकींना ढकलून कडा उचलल्या आणि पानं-माती बसून सांधे कायमचे बुजले.

लाकूड सडवणाऱ्या बुरशीला लागतं काय तर ओल. साधारण २० टक्क्यांच्या खाली ओलावा असेल तर बुरशीला फारसं काही करता येत नाही, २८-३० टक्क्यांच्या वर गेला की तिची दिवाळी. आता कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये नुसत्या हवेनेच लाकूड १८-२० टक्क्यांपर्यंत जातं, अंगावर थेंब न पडताही. म्हणजे सीमारेषेवरच उभं असतं बिचारं. वर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढचा पाऊस. तेव्हा लाकूड भिजणार, ते कुठल्याही डब्याने थांबत नाही, आपल्या हातात एवढंच की भिजल्यावर ते किती लवकर सुकतं. माझं म्हणणं पहिल्यापासून हेच होतं आणि पुढचे सगळे निर्णय त्याच्यावरच घेतले. दादाला सुरुवातीला पटलं नाही, त्याला "असा कोट सांग की पाणीच शिरणार नाही" हे हवं होतं.

वहिनींची मागणी वेगळी. त्यांना पांढरा डेक पाहिजे होता, फोटोत छान येतो, समुद्र निळा डेक पांढरा वगैरे. दादाला दरवर्षी खर्च नको होता. आतोबांचं मत, कशाला एवढे सोपस्कार, जळकं ऑइल मारा, आम्ही वाशांना तेच मारायचो. आणि मिस्त्री, जे गावातलेच, चाळीसेक वर्षं हेच काम करतायत, ते म्हणाले लाकूड मी सांगतो ते आणा, बाकी तुमचं तुम्ही बघा.

तर लाकूड.

पहिलं नाव सागवानाचंच येतं. सागात मुळात तेल आणि वाळवीला नको असलेली द्रव्यं असतात, आणि तो फुगतो-आकसतो कमी, हा त्याचा खरा गुण. ओलावा जानेवारीच्या १२-१३ टक्क्यांवरून पावसातल्या २० पर्यंत गेला तरी चार इंची फळी रुंदीत साधारण दीड मिलिमीटरच्या आतच वाढते. पण हे सगळं गाभ्याच्या लाकडाबद्दल. सालीलगतचा पांढरा भाग सागाचा असला तरी पाइनपेक्षा फार शहाणा नसतो, त्याला भुंगाही लागतो आणि बुरशीही. आणि आता बाजारात जो स्वस्त साग दिसतो, लागवडीचा, लवकर तोडलेला, आफ्रिकेतून किंवा दक्षिण अमेरिकेतून आलेला, त्यात झाड बारीक असल्याने पांढरा भाग भरपूर असतो. नाव सागच, पावतीवर पण सागच, पण फळी उभी धरली की अर्धी सोनेरी-तपकिरी आणि अर्धी पांढुरकी. वखारवाले यावर स्टेन मारून एकसारखा रंग करून देतात, तेव्हा रंधा न मारलेली फळीच बघायची आणि टोकाकडून बघायची. दुसऱ्या टोकाला आपला चंद्रपूर-गडचिरोलीचा जंगली साग, बल्लारशाच्या डेपोत लिलाव होतात तो, २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दरवाजांसाठी चंद्रपूरचंच सागवान गेलं. अप्रतिम माल. पण तो भाव ऐकून दादा म्हणाला मग पाहुण्यांना डेकवर चप्पल काढून दर्शन घ्यायला लावतो.

ऐन हे मिस्त्रींचं आवडतं. सागापेक्षा चांगलाच जड, घनमीटरला साडेआठशे-नऊशे किलोच्या घरात, मजबूत, गाभा काळपट तपकिरी, भावात परवडणारा. जुन्या कोकणी घरात तुळया, खांब बघा, ऐन आणि किंजळच दिसतील. अडचण अशी की ऐन सुकताना चिरतो, त्याचा वेळही फार लागतो, आणि ताज्या ऐनाच्या फळीवर उन्हात भेगा पडून कुसळं निघतात. खांबाला त्याने काही बिघडत नाही पण डेकवर लोक अनवाणी चालतात, पोरं बसतात. म्हणून खाली ऐन चालेल, वर नको असं मी म्हटलं आणि मिस्त्रींनी मान हलवली, म्हणजे त्यांना ते आधीच माहीत होतं.

आतोबांनी स्वतःच्या बागेतला ऐन तोडायची तयारी दाखवली. इथे जरा थांबवलं त्यांना. साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा, जांभूळ ही सगळी झाडं महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत येतात, झाड आपल्या मालकीच्या जमिनीत असलं तरी तोडायला परवानगी लागते आणि लाकूड हलवायला वाहतुकीचा पास. आणि ते सगळं झालं तरी ओल्या झाडाच्या फळ्या सुकायला इंचाला वर्ष धरतात, त्या हंगामात तो डेक होणारच नव्हता.

शेवटी मार्ग मिस्त्रींनीच काढला. चिपळूणच्या बाजूला एकाने जुनं घर उतरवलेलं, त्याचं लाकूड विकायला होतं. कोकणात हल्ली हे खूप चाललंय, घरं पाडून स्लॅब टाकतात आणि शंभर वर्षांचे वासे-तुळया जुन्या मालवाल्याकडे जातात (वाईट वाटतं, पण निदान जळणात तरी जाऊ नये). जुन्या लाकडाचे दोन फायदे. एक, ते आतपर्यंत सुकलेलं असतं आणि जे वाकायचं-चिरायचं ते आधीच वाकून-चिरून झालेलं असतं. दुसरं, त्या काळी मोठी झाडं होती आणि तासताना पांढरा भाग काढून टाकायचे, त्यामुळे जवळजवळ सगळा गाभाच मिळतो. मी बरोबर ओलावा मोजायचं दोन पिनांचं मशीन नेलं होतं, हजार-दीड हजारात येतं आणि ज्याला लाकूड विकत घ्यायचंय त्याने ते घ्यावंच. नुसती वरून पिन टोचू नका, टोकाचा एक तुकडा कापायला लावून आतल्या ताज्या तोंडावर टोचा. आमचं १३ आलं. त्याच दिवशी एका वखारीतला "सुका" ऐन २४ दाखवत होता.

जुन्या लाकडाचा तोटा म्हणजे आत मोडून राहिलेले खिळे. करवतवाला एका खिळ्यात पातं घालवून बसला की पुढचं लाकूड तुमचं घेतच नाही, म्हणून आधी चुंबक फिरवून खिळे काढून मगच गिरणीत न्यायचं, आणि तरीही वाया जाणारं लाकूड जास्त धरायचं. ज्या टोकांवर वाळवीची माती किंवा भुंग्याची ताजी पीठासारखी भुकटी दिसली ती टोकं तिथेच कापून टाकली.

हिशोब लिहून ठेवतो कारण वखारीत घनफुटात बोलतात आणि आपण स्क्वेअर फुटात विचार करतो. घनफूट म्हणजे लांबी फुटात गुणिले रुंदी इंचात गुणिले जाडी इंचात, भागिले १४४. फळी चार इंच रुंद, सव्वा इंच जाड, मध्ये पाव इंच फट. १२ फूट म्हणजे १४४ इंच, भागिले सव्वाचार, म्हणजे ३४ ओळी. प्रत्येक ओळ २० फूट, एकूण ६८० रनिंग फूट, त्याचे होतात २३.६ घनफूट. जुनं लाकूड म्हणून पाव भाग वाया धरला, म्हणजे ३० सांगितले. खालच्या तुळया दोन बाय चार, १६ इंचावर एक, २० फुटाला १६ तुळया, प्रत्येकी १२ फूट, त्याचे पावणेअकरा घनफूट. वर साग, खाली ऐन आणि किंजळ मिळून. किंजळ ओलीला ऐनापेक्षा बरा टिकतो असं मिस्त्रींचं ठाम मत, म्हणून पागोळ्यांच्या बाजूच्या तुळया किंजळाच्या घेतल्या.

बसवताना ज्या गोष्टींवर आम्ही अडून बसलो त्या रंगापेक्षा महत्त्वाच्या होत्या असं मला अजूनही वाटतं. तुळई जांभ्यावर टेकणार नाही. प्रत्येक चार फुटावर काळ्या दगडाचा ठोकळा, त्यावर जाड रबराचा तुकडा, त्यावर तुळई. खाली हवा खेळायला दीड फूट मोकळं, आजूबाजूने फळकुटं मारून बंद केलं नाही, वहिनींना ते उघडं दिसतं म्हणून आवडलं नव्हतं, शेवटी पुढच्या बाजूला फटी ठेवून पट्ट्या मारल्या. ठोकळे उघडे दिसतात याचा आणखी एक फायदा, वाळवीने मातीची नळी चढवली तर झाडू मारताना दिसते आणि तिथल्या तिथे मोडता येते. तुळयांच्या डोक्यावर डांबराची चार इंची पट्टी चिकटवली, कारण स्क्रूच्या भोकातून पाणी उतरतं ते बरोबर तुळईच्या मधोमध. फळ्यांच्या दिशेने फुटाला पाव इंचापेक्षा थोडा कमी उतार. दोन फळ्यांची टोकं एका तुळईवर न आणता तिथे दोन तुळया शेजारी ठेवून मध्ये बोटभर जागा सोडली, म्हणजे टोकाला टोक लागून पाणी अडकणार नाही. लाकूड टोकाच्या बाजूने, जिथे नळ्यांची तोंडं उघडी असतात, फळीच्या अंगापेक्षा कित्येक पटीने जास्त पाणी ओढतं, म्हणून प्रत्येक कापलेलं टोक बसवायच्या आधी तेलात बुडवून घेतलं. हे काम कंटाळवाणं आहे आणि कारागीर ते हमखास टाळतात, तिथे उभंच राहावं लागतं.

स्क्रूबद्दल वाद झाला. ३४ ओळी, १६ तुळया, प्रत्येक ठिकाणी दोन, म्हणजे अकराशेच्या आसपास. दुकानदार म्हणाला स्टेनलेस ३०४ घ्या, बास झालं. समुद्राच्या इतक्या जवळ ३०४ जातीच्या स्टीलवर मीठ बसून तांबूस डाग आणि बारीक खड्डे पडतात, ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून तो खाऱ्या हवेत टिकतो. फरक पैशात बराच होता तरी दादाने ३१६ घेतले. साधा लोखंडी स्क्रू तर नकोच, कारण ऐन-सागात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, लोखंड, टॅनिन आणि पाणी एकत्र आलं की निळा-काळा डाग पडतो जो पुसून जात नाही. तसा डाग आधीच पडलेला असेल तर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पाण्याने जातो, हातमोजे घालून, नंतर भरपूर पाणी मारून. आमच्या काही फळ्यांवर जुन्या खिळ्यांचे डाग होते, अर्ध्यांचे काढले आणि बाकीचे वहिनी म्हणाल्या राहू दे, छान दिसतायत. मला बरं वाटलं कारण हात दुखायला लागले होते.

आता रंग. लोकांचा गोंधळ इथेच होतो.

लाकडावर लावायच्या गोष्टी ढोबळमानाने दोन जातीच्या. एक वर थर धरणाऱ्या: ऑइल पेंट, वार्निश, पीयू. दुसऱ्या आत मुरणाऱ्या: तेलं आणि तेलासारखे स्टेन. दरवाजाला, खिडकीला, खुर्चीला थर चांगला, कारण पाणी उभ्यावरून ओघळून जातं. आडव्या फळीवर मात्र पाणी बसून राहतं, वर एप्रिलचं ऊन, वर पाहुण्यांच्या ओढलेल्या खुर्च्या आणि वाळूने माखलेले पाय. थराला कुठेतरी केसाएवढी चीर पडतेच. मग त्या चिरेतून पाणी आत शिरतं, पण सुकायला बाहेर यायची वाट थराने बंद केलेली असते. जुन्या डेकवर नेमकं हेच झालेलं, पॉलिश सुटलं तिथलं लाकूड बरं होतं आणि जिथे पॉलिश अजून चमकत होतं त्याच्या खाली लाकूड काळं-मऊ. दादाला हे मी तोंडाने सांगून पटलं नव्हतं, स्क्रू ड्रायव्हर त्या चकचकीत जागेत दोन इंच आत गेला तेव्हा पटलं. शिवाय ओल्या थरावर पाय घसरतो आणि परत रंगवायचं झालं की सगळा जुना थर खरवडून काढावा लागतो. तेलाला तो त्रास नाही, धुतलं, सुकलं, वरून परत एक हात मारला.

म्हणून वहिनींना सांगितलं, जमिनीला पांढरा रंग नाही. रेलिंग पांढरं, बसायचे बाक पांढरे, खांब पांढरे. त्या तासभर बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या ठीक आहे पण फळ्या काळ्या नका करू. गडद रंग तसाही नकोच, मे महिन्यात अनवाणी पाय ठेवता येत नाही.

तेल कुठलं हा पुढचा प्रश्न. आतोबांचं जळकं ऑइल बाद, ते टपकत राहतं, वास जात नाही, कपड्यांना लागतं, जमिनीत मुरतं आणि एकदा मारलं की त्याच्यावर दुसरं काहीच धरत नाही. काजूच्या टरफलाचं काळं तेल होड्यांना वापरतात आणि ते औषध म्हणून खरंच चांगलं आहे, पण त्वचेला लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात, पाहुणे चालतात तिथे प्रश्नच नाही. जवसाचं डबल बॉइल्ड तेल हे घराघरातलं उत्तर, स्वस्त, मुरतंही छान, फक्त आपल्या दमट हवेत ते बुरशीचं खाद्य होतं आणि एका पावसाळ्यात फळ्या ठिपक्या-ठिपक्यांनी काळ्या पडतात. लडाखला कोणी डेक केला तर खुशाल वापरावं. आम्ही घेतलं ते बाहेरच्या लाकडासाठीचं तयार डेक ऑइल, ज्यात बुरशीरोधक आणि रंगद्रव्य दोन्ही आहे असं डब्यावर स्पष्ट लिहिलेलं. रंगद्रव्य का, तर ऊन लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतू एकत्र धरून ठेवणारं द्रव्य, तोडतं आणि लाकूड राखाडी होतं, बिनरंगी तेल ते थांबवू शकत नाही, लोहाच्या ऑक्साइडचं तपकिरी-सोनेरी रंगद्रव्य बऱ्यापैकी थांबवतं. हलकी सागाची छटा घेतली.

लावायची पद्धत थोडक्यात: ८० नंबरचा पॉलिश पेपर, त्याहून गुळगुळीत नाही, नाहीतर तेल मुरत नाही आणि पाय घसरतो. साग स्वतःच तेलकट, त्यामुळे लावायच्या जरा आधी थिनरच्या फडक्याने पुसून घेतला. काम जानेवारी-फेब्रुवारीत केलं, पण कोकणात तेव्हा सकाळी दव असतं, दहा-साडेदहाच्या आधी फळीला हात लावायचा नाही आणि चारनंतर ब्रश बाजूला. बसवायच्या आधी फळीला चारही बाजूंनी एक हात, बसवल्यावर वरून दुसरा. तेल लावून वीस मिनिटांनी जे वर उरलंय ते फडक्याने पुसून काढायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं, वर राहिलं तर तोच चिकट थर बनतो. पेंटरला वाटतं पुसणं म्हणजे मालकाचं तेल वाया घालवणं, त्यामुळे तो ते मनापासून करत नाही. आणि ती तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, सुकणारं तेल गरम होतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा दोरीवर एकेक सुटं वाळत घाला.

रेलिंगचं लाकूड फणसाचं, दादाकडेच माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेलं. फणस टिकाऊ आहे, वाळवी त्याला फारशी विचारत नाही, पण पांढऱ्या रंगाखाली तो त्रास देतो. त्याचा पिवळा रंग पाण्यात उतरतो, बौद्ध भिक्खूंची चीवरं रंगवायला फणसाच्याच लाकडाचा रंग वापरत आलेत. त्याच्यावर सरळ पाण्याचा पांढरा ॲक्रिलिक मारला तर पहिल्या पावसात पिवळे-तपकिरी ओघळ. म्हणून आधी ऑइल प्रायमर दोन हात, गाठींवर तिसरा, मध्ये नीट सुकू देऊन, मग वर बाहेरच्या लाकडाचा ॲक्रिलिक दोन हात. वरचा हात ॲक्रिलिक यासाठी की ऑइल पेंट उन्हात वर्षागणिक कडक होतो आणि लाकूड हललं की तडकतो, ॲक्रिलिक थोडा ताणला जातो. रेलिंगची वरची पट्टी सपाट न ठेवता बाहेरच्या बाजूला उतरती केली आणि कडा गोल, कारण धारदार कडेवर रंग पातळ बसतो आणि सुटायला तिथूनच सुरुवात होते.

त्यानंतर दोन पावसाळे झाले. पहिल्या पावसाळ्यात पागोळ्यांच्या रेषेत दोन फळ्यांवर शेवाळ आलं, तिथे पन्हळ लावायचं ठरलं होतं पण बिल वाढत गेलं म्हणून दादाने पुढे ढकललेलं, ते गणपतीच्या आधी लावून घेतलं आणि पुढच्या वर्षी शेवाळ नाही. आणखी एक गोष्ट दिसली, गावात पावसाळ्यात सगळं ताडपत्रीने झाकायची सवय, तशी डेकवरही अंथरली होती, आठवड्याभरात खाली दमट वास. काढायला लावली. झड अडवायची असेल तर ताडपत्री उभी बांधा, जमिनीवर पसरू नका. दिवाळीनंतर मऊ ब्रश आणि साबणाच्या पाण्याने धुतलं, प्रेशर वॉशर दादाने गाडीसाठी घेतलाय तो लपवून ठेवला, त्याने लाकडाचे तंतू उभे राहतात. धुऊन सुकल्यावर चार ठिकाणी पाण्याचे थेंब टाकून बघितले, खोल्यांच्या बाजूला थेंब मण्यासारखे बसून राहिले, मोकळ्या उन्हाच्या बाजूला दोन-तीन मिनिटांत फळीने पिऊन टाकले. मग तेवढ्याच अर्ध्या भागावर एक हात मारला. दरवर्षी सगळा डेक करायची गरज नाही, दादाला खर्चाचं हे गणित आवडलं. ओलावा मोजला तर वरच्या फळ्या मे महिन्यात ११, भर पावसात २१-२२ आणि दिवाळीपर्यंत परत १५. म्हणजे भिजतं आणि सुकतं, जसं पाहिजे होतं तसं.

एक फळी फाटली, गाठ होती तिथे, स्क्रू आधी भोक न पाडता मारलेला असणार. ती बदलली. रेलिंगचा पांढरा रंग दक्षिणेच्या बाजूला जरा मळकट झालाय, वहिनी म्हणतात या डिसेंबरला परत एक हात. पायऱ्या मात्र करायच्या राहिल्यात, अजून जुन्या पाइनच्याच दोन आहेत आणि खालची मऊ लागायला लागलीये. मिस्त्रींकडे किंजळाची एक तीन इंची तुळई शिल्लक आहे, तिच्यात दोन्ही पायऱ्या निघतात, फक्त खालची पायरी मातीपासून चार इंच वर ठेवायची की दगडाचीच करायची यावर दादा आणि मिस्त्री अजून बोलतायत. मी दगडाच्या बाजूने आहे.